बोसिलिन प्रोबने जिवाणूंची प्रथिनं तपासताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

एमएससीच्या प्रबंधासाठी जिवाणूची भिंत घडवणाऱ्या पेनिसिलिन-बंधक प्रथिनांवर, म्हणजे पीबीपींवर, काम करणारी मुलं जेलचे (प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या थराचे) फोटो घेऊन येतात तेव्हा त्यात बँड असतात, चांगले हिरवे चमकणारेही असतात. नसतात त्या लेन, म्हणजे एकेका नमुन्याचे रकाने, ज्यांच्याशिवाय त्या बँडचा अर्थच लागत नाही. मग पुन्हा कल्चर, पुन्हा पेशींचे पडदे वेगळे करणं आणि तोवर प्रोबची महागडी कुपी रिकामी. हा लेख त्या दुसऱ्या फेरीपासून वाचवण्यासाठी आहे.

तत्त्व थोडक्यात. बोसिलिन-एफएल हा पेनिसिलिन-व्हीला बोडिपी-एफएल हा चमकणारा रंग जोडून केलेला रेणू आहे. पीबीपीच्या सक्रिय जागेतलं सेरीन हे अमिनो आम्ल पेनिसिलिनच्या बीटा-लॅक्टम कड्यावर हल्ला करतं, कडं उघडतं आणि रंगासकट रेणू प्रथिनाला सहसंयुजी बंधाने जोडला जातो. प्रथिन नीट घडी घातलेलं आणि कामाचं असेल तरच हे होतं. हजेरीपटावर नाव आहे की नाही ते वेस्टर्न ब्लॉट (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याची पद्धत) सांगतो. वर्गात बसून हात कोण वर करतंय ते प्रोब सांगतो. पुढच्या बहुतेक पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत: प्रोब लागेपर्यंत प्रथिन जिवंत ठेवायचं, आणि लागलेला प्रोब योग्य जागीच लागलाय हे सिद्ध करायचं.

## १. जिवाणू आधी निवडा, प्रोब नंतर मागवा

पहिल्यांदाच करत असाल तर ई. कोलाय के-१२ घ्या. तो जैवसुरक्षा पातळी १ मध्ये बसतो, त्याच्या पीबीपी चांगल्या अभ्यासलेल्या आहेत आणि प्रत्येकीला ओळखायला वेगळं प्रतिजैविक मिळतं. हात बसला की मग स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्याला पातळी २ ची सोय, सेफ्टी कॅबिनेट आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. रुग्णालयातून आलेल्या नमुन्यावर पहिला प्रयोग करू नका.

इथली सगळ्यात महागात पडणारी चूक अशी: हाताशी असलेला बीएल२१ (ई. कोलायचाच एक स्ट्रेन) घेतला, त्यात अँपिसिलिन-प्रतिरोधाचा प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं जादा वर्तुळ) आहे, आणि जेल कोरं आलं. त्या प्लाझ्मिडवरचं बीटा-लॅक्टमेज हे विकर प्रोबचं कडं फोडून टाकतं. पीबीपीपर्यंत प्रोब पोचतच नाही. प्लाझ्मिड लागणारच असेल तर कॅनामायसिन-प्रतिरोधाचा घ्या.

स्टॅफमध्येही हेच बघायचं. एटीसीसी (अमेरिकेतला जिवाणू-संग्रह) २५९२३ बीटा-लॅक्टमेज बनवत नाही, एटीसीसी २९२१३ बनवतो. दोन्ही इथल्या बहुतेक सूक्ष्मजीवशास्त्राच्या फ्रीझरमध्ये शेजारी-शेजारी असतात आणि क्रमांकही सारखे वाटतात. कुपीवरचा आकडा दोनदा वाचा.

इशारा: बीटा-लॅक्टमेज दाबायला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल घालायचा मोह होतो. ते स्वतःही काही पीबीपींना चिकटतं, ई. कोलायमध्ये विशेषतः पीबीपी-२ ला. घालायचंच असेल तर सगळ्या लेनमध्ये सारखं घाला आणि पीबीपी-२ बद्दल निष्कर्ष काढू नका.

## २. सुरक्षितता

गटात कोणाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. असेल तर त्या व्यक्तीने पेनिसिलिनची पूड तोलायची नाही, प्रोबलाही हात लावायचा नाही. हातमोजे घालून भागेल असं समजू नका. तोलताना पूड हवेत उडते.

सोनिकेटर आणि मण्यांनी पेशी फोडण्याच्या यंत्रामुळे सूक्ष्म तुषार उडतात. रोगकारक जिवाणू असेल तर ही कामं झाकणबंद नळीत किंवा कॅबिनेटमध्येच. कल्चरचा कचरा ऑटोक्लेव्हला चालणाऱ्या पिवळ्या पिशवीत घालून, आधी निर्जंतुक करून मगच बाहेर द्यायचा. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांनुसार हे बंधनकारक आहे.

## ३. प्रोबचा साठा तयार करणं

फ्रीझरमधून काढलेली कुपी लगेच उघडू नका. बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेत एवढा ओलावा असतो की थंड कुपीच्या आत क्षणात दव धरतं आणि पाण्याने बीटा-लॅक्टम कडं हळूहळू तुटतं. कुपी सिलिका जेल असलेल्या बंद डब्यात ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

कोरड्या डीएमएसओ या द्रावकात ५ मिलिमोलर साठा करा. रेणुभार पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावरून घ्या. सोडियम क्षार आहे की मुक्त आम्ल, यावर तो बदलतो. साठा ५-५ मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांमध्ये वाटून, फॉइल गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवा. एक नळी एकदाच वापरायची. पुन्हा गोठवलेली नळी सरावाला ठीक, निकालाला नाही.

डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो. जानेवारीत सकाळी बाटलीत तो घट्ट झालेला दिसला तर घाबरू नका, पण अर्धवट वितळलेल्यातून पिपेट करू नका. पूर्ण वितळवून, व्होर्टेक्स करून मग घ्या.

तपासा: नळीवर तारीख, तीव्रता आणि "अंधारात ठेवा" लिहिलंय का? बोडिपी बऱ्यापैकी टिकाऊ रंग आहे, तरी दिवसभर ट्यूबलाइटखाली उघडा ठेवण्याइतका नाही.

## ४. कल्चर

रात्रभर वाढवलेलं कल्चर १:१०० प्रमाणात ताज्या एलबी माध्यमात घाला, ३७ अंशांवर हलवत ठेवा आणि ६०० नॅनोमीटरला ओडी (गढूळपणाचं माप) ०.४ ते ०.६ झाली की थांबवा. पडदे वेगळे करायचे असतील तर किमान ५०० मिली कल्चर हवं.

रात्रभराचं कल्चर थेट वापरलं तरी बँड येतील, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. पण स्टेशनरी फेजमध्ये, म्हणजे वाढ थांबल्यावर, पीबीपींचं प्रमाण बदलतं, ई. कोलायमध्ये पीबीपी-६ वाढतं. दोन स्ट्रेनची तुलना करताना एकाची ओडी ०.५ आणि दुसऱ्याची १.८ असेल, तर तुम्ही स्ट्रेन नाही, वय मोजताय.

ठरलेल्या ओडीला फ्लास्क थेट बर्फाच्या पाण्यात ठेवा. टेबलावर ठेवून सेंट्रिफ्यूजचा नंबर लागण्याची वाट बघायची नाही. ५,००० जी, १० मिनिटं, ४ अंश. पीएच ७.४ च्या थंड फॉस्फेट बफरने पेलेट दोनदा धुवा. माध्यमात आलेलं बीटा-लॅक्टमेज आणि उरलेली प्रथिनं इथेच निघून जातात.

## ५. पेशी फोडणं आणि पडदे वेगळे करणं

ई. कोलायचा बाहेरचा पडदा बोसिलिनला बऱ्यापैकी अडवतो, आत गेलेला काही भाग पंप बाहेर टाकतात. म्हणून अख्ख्या पेशींऐवजी पडद्यांचा अर्क घ्या.

पेलेट थंड बफरमध्ये विरघळवा. बर्फावर सोनिकेशन १० सेकंद चालू, २० सेकंद बंद, असं द्रव पारदर्शक होईपर्यंत. नळी हाताला कोमट लागली तर प्रथिनं गेली, पुन्हा सुरू करा. न फुटलेल्या पेशी १०,००० जीला १० मिनिटं फिरवून टाका. वरचा द्रव अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० जी, १ तास, ४ अंश. तळाला चकचकीत, किंचित पिवळसर थर येतो तो पडदा. तो थोड्या बफरमध्ये घासून एकजीव करा आणि प्रथिन मोजा.

पीबीपी-४ पडद्याला सैल धरून असतं. धुण्याच्या फेऱ्या वाढवल्या की ते कमी होत जातं. त्याच्यावरच काम असेल तर पडदे एकदाच धुवा आणि वरचा द्रवही ठेवून द्या.

इशारा: डिटर्जंट असलेल्या नमुन्यात ब्रॅडफर्ड या प्रथिन-मोजणीचा आकडा खोटा येतो, तिथे बीसीए ही दुसरी पद्धत वापरा. बीसीएला डीटीटीसारखे थायॉल चालत नाहीत. दोन्ही नमुन्यात असतील तर मोजणी आधी, डीटीटी नंतर.

अर्क २ मिलिग्रॅम प्रति मिली करून ५०-५० मायक्रोलिटर वाटून ठेवा. म्हणजे एका नळीत १०० मायक्रोग्रॅम, एका अभिक्रियेला पुरेसं.

## ६. लेनचा आराखडा, कागदावर, पिपेट उचलण्याआधी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका जेलवर किमान एवढ्या लेन हव्यात:

१. मार्कर.
२. प्रोब नाही, फक्त डीएमएसओ. इथे जे चमकतं ते प्रोबचं नाही.
३. प्रोब.
४. आधी ९५ अंशांवर १० मिनिटं तापवलेला, मग थंड केलेला अर्क, आणि त्यानंतर प्रोब. इथे दिसणारा बँड म्हणजे घडी मोडलेल्या प्रथिनालाही प्रोब चिकटतोय. तो तुमच्या यादीतून वगळा.
५. आधी पेनिसिलिन-जी, प्रोबच्या १०० पट, मग प्रोब. खऱ्या पीबीपींचे बँड इथे नाहीसे व्हायला हवेत.
६. आधी मेसिलिनाम, मग प्रोब. फक्त पीबीपी-२ जायला हवं.
७. आधी ॲझ्ट्रिओनाम, मग प्रोब. फक्त पीबीपी-३ जायला हवं.

सहा आणि सात क्रमांकांना सुमारे १ मायक्रोग्रॅम प्रति मिलीपासून सुरुवात करा. ॲझ्ट्रिओनाम फार वाढवलं तर इतर पीबीपीही झाकल्या जातात आणि ओळख पटवायचा उपयोग संपतो. जेलवर जागा असेल तर सेफसुलोडिन घ्या. ते १ए आणि १बी झाकतं.

विद्यार्थी बहुधा लेन ४ आणि ५ गाळतात, "जागा नाही" म्हणून. सात लेनचं पूर्ण जेल दहा लेनच्या अपुऱ्या जेलपेक्षा कामाचं असतं. नमुने कमी करा, नियंत्रणं कमी करू नका.

तपासा: सगळ्या नळ्यांमध्ये डीएमएसओ सारखाच आहे का? लेन २ मध्ये १ मायक्रोलिटर आणि लेन ५ मध्ये ३ असं झालं, तर फरक कशामुळे पडला ते सांगता येणार नाही.

## ७. लेबलिंग: क्रम मोडायचा नाही

पाठ्यकृतीत "रूम टेंपरेचर" लिहिलेलं असतं. ते २५ अंश असतं. मे महिन्यात एसी बंद असलेल्या आपल्या खोलीत ते ३५ च्या वर आणि जानेवारीत २० च्या खाली. तेच काम दोन ऋतूंत दोन उत्तरं देतं. वॉटर बाथ ३० अंशांवर लावा आणि वर्षभर तोच वापरा.

(क) स्पर्धक प्रतिजैविक असलेल्या नळ्यांत ते आधी घाला. उरलेल्यांत तेवढंच त्याचं द्रावक. ३० अंश, १५ मिनिटं.

(ख) न धुता, तिथल्या तिथे प्रोब. ०.५ मिलिमोलर मधला साठा करून ५० मायक्रोलिटरमध्ये १ मायक्रोलिटर घाला. शेवटची तीव्रता १० मायक्रोमोलर, डीएमएसओ २ टक्के. अंधारात, ३० अंश, २० मिनिटं.

(ग) ४ पट तीव्रतेचा एसडीएस नमुना-बफर (प्रथिनाची घडी मोडणारा) १७ मायक्रोलिटर घालून ९५ अंशांवर ३ ते ५ मिनिटं.

नमुना-बफर प्रोबच्या आधी गेला तर प्रयोग तिथेच संपला. प्रतिजैविक आणि प्रोब एकदम घातले तर दोघांची शर्यत लागते आणि निकाल कोण आधी पोचलं एवढाच सांगतो.

"न धुता" हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. ई. कोलायचं पीबीपी-५ स्वतःला चिकटलेलं पेनिसिलिन काही मिनिटांत सोडून देतं. प्रतिजैविक धुऊन काढलं आणि चहाला गेलात, तर परत येईपर्यंत पीबीपी-५ मोकळं झालेलं असतं आणि प्रोब त्याला आरामात लागतो. मग वहीत नोंद होते: "पीबीपी-५ वर औषधाचा परिणाम नाही." ही चूक मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही.

तीव्रता आणि वेळ आंधळेपणाने घेऊ नका. आधी एक चाचणी-जेल करा: १, ३, १० आणि ३० मायक्रोमोलर, नंतर निवडलेल्या तीव्रतेला ५, १०, २० आणि ४० मिनिटं. बँडची चमक जिथे वाढायची थांबते ती सगळ्यात कमी तीव्रता घ्या. त्यापेक्षा जास्त प्रोब घातला तर मागची धूसर चमक वाढते आणि स्पर्धा कमकुवत दिसते.

बंध कायमचा असल्यामुळे औषधाची "निम्मी अडवणूक" होणारी तीव्रता वेळेवर अवलंबून असते. १५ मिनिटांना आलेला आकडा ६० मिनिटांच्या आकड्याशेजारी मांडू नका. तक्त्यात तीव्रतेच्या बाजूलाच मिनिटं लिहा.

## ८. जेल

१० टक्क्यांचं एसडीएस-पेज चालेल. १ए आणि १बी वेगळे बघायचे असतील तर ८ टक्के. ३० मायक्रोलिटर भरा. ब्रोमोफिनॉल ब्लू नेहमीपेक्षा कमी घाला आणि जेलवर फॉइल झाका.

न जोडलेला प्रोब रंगाच्या पुढच्या रेषेसोबत धावतो आणि फार चमकतो. ती रेषा जेलबाहेर जाऊ द्या किंवा स्कॅनआधी कापून टाका. नाहीतर यंत्र त्या उजेडाला जुळवून घेतं आणि खरे बँड काळोखात जातात. रंगीत मार्करचे काही पट्टेही हिरव्यात चमकतात, म्हणून मार्कर आणि नमुना यांच्यात एक लेन मोकळी ठेवा.

## ९. आधी स्कॅन, मग कूमासी

जेल पाण्याने धुऊन लगेच ४८८ नॅनोमीटरच्या उत्तेजनावर आणि ५२० ते ५३० च्या फिल्टरवर स्कॅन करा. निळा लेसर नसेल तर निळ्या एलईडीचं ट्रान्सइल्युमिनेटर आणि पिवळसर फिल्टरही चालतो, संवेदनशीलता कमी मिळते. काच आधी पुसा; इथिडियमचे जुने डाग इथेही चमकतात.

कूमासी (सगळी प्रथिनं दाखवणारा निळा रंग) त्यानंतरच. आधी रंगवलं तर कूमासी चमक गिळून टाकतो. स्कॅन झाल्यावर मात्र तेच जेल कूमासीत घालायलाच हवं. दोन लेनमधला फरक पीबीपीचा आहे की भरलेल्या प्रथिनाचा, हे त्याशिवाय कळत नाही.

तपासा: कुठला बँड पूर्ण पांढरा, सपाट दिसतोय का? तो संपृक्त आहे. एक्स्पोजर कमी करून पुन्हा स्कॅन करा, मूळ फाइल ठेवा. मोबाइलने काढलेल्या फोटोवरून मोजमाप करू नका.

## १०. जेल वाचणं

के-१२ मध्ये वरून खाली साधारण असा क्रम दिसतो: ९० किलोडाल्टनच्या आसपास १ए आणि १बी, मग पीबीपी-२, त्याखाली पीबीपी-३, ५० च्या जवळ पीबीपी-४ आणि ४० च्या आसपास पीबीपी-५ व ६. त्यातला पीबीपी-५ सगळ्यात ठळक, कारण तेच सगळ्यात जास्त असतं. वरचे बँड फिकट दिसले म्हणून प्रयोग फसला असं नाही.

उंचीवरून नाव देऊ नका. ज्या लेनमध्ये मेसिलिनामने बँड गेला तो पीबीपी-२. पीबीपी-५ साठी जपानच्या कीओ संग्रहातला डॅक-ए जनुक काढलेला स्ट्रेन मिळाला तर आणखी चांगलं. त्यातला प्रतिरोध कॅनामायसिनचा असल्याने प्रोबला धोका नाही. पीबीपी-२ आणि पीबीपी-३ साठी मात्र असा स्ट्रेन मिळणार नाही, कारण ती जनुकं काढली तर नेहमीच्या स्थितीत जिवाणू वाढत नाही. तिथे प्रतिजैविकाच्या लेनवरच विसंबायचं.

## स्टॅफसाठी काय बदलायचं

इथे अख्ख्या पेशींना प्रोब देता येतो, बाहेरचा पडदा नसल्यामुळे. धुतलेल्या पेशींना बफरमध्ये ५ ते १० मायक्रोमोलर प्रोब द्या, नंतर भरपूर पेनिसिलिन-जी घालून थांबवा, धुवा आणि मग फोडा. लायसोझाइमने स्टॅफ फुटत नाही. त्याच्या भिंतीवरचे ॲसिटिल गट लायसोझाइमला दाद देत नाहीत. लायसोस्टॅफिन आणि डीएनएज, ३७ अंशांवर ३० मिनिटं.

एमआरएसएबद्दल (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफबद्दल) एक सावधगिरी. मेक-ए जनुकातून येणाऱ्या पीबीपी-२ए ला बीटा-लॅक्टम फार हळू चिकटतात. म्हणूनच तो जिवाणू औषधांना दाद देत नाही. प्रोबही त्याला हळूच चिकटणार. शिवाय त्याचं वजन पीबीपी-२ आणि ३ च्या इतकं जवळ आहे की छोट्या जेलवर तिन्ही एकात एक मिसळतात. बँड दिसला नाही म्हणून मेक-ए नाही, असं लिहू नका. त्यासाठी पीसीआर करा.

## प्रोबवर रंग नसेल, अल्काइन असेल तर

काही प्रोबना छोटी अल्काइन शेपटी असते आणि रंग नंतर तांब्याच्या क्लिक अभिक्रियेने जोडतात. पेशीत शिरायला ते सोपे, पण चुकांना जागा जास्त. बफरमध्ये ईडीटीए असेल तर ते तांबं ओढून घेतं. साठवणीसाठी घातलेलं सोडियम ॲझाइड तर सगळ्यात वाईट: ते स्वतःच अल्काइनशी जोडलं जातं आणि रंगासाठी जागा उरत नाही. डीटीटीही नको. फ्लूरोफॉस्फोनेट प्रोबने सेरीन हायड्रोलेज शोधत असाल, तर सवयीने घातलेलं पीएमएसएफ हे विकर-रोधक तुमचं लक्ष्य आधीच बंद करून ठेवतं.

क्रम: प्रोब लागल्यावर ॲझाइड-रंग २५ मायक्रोमोलर, ताजं टीसीईपी (क्षपणक) १ मिलिमोलर, टीबीटीए (तांबं धरून ठेवणारा रेणू) १०० मायक्रोमोलर, आणि शेवटी कॉपर सल्फेट १ मिलिमोलर. अंधारात १ तास. टीसीईपीचं द्रावण त्याच दिवशी करा आणि त्याचा पीएच ७ च्या जवळ आणा.

रंगाऐवजी बायोटिन जोडून स्ट्रेप्टॅव्हिडिन मण्यांवर प्रथिन धरायचं असेल, तर प्रोब नसलेली नळी शेवटपर्यंत, मास स्पेक्ट्रोमेट्रीपर्यंत, सोबत न्या. ई. कोलायमध्ये बीसीसीपी या प्रथिनावर जन्मतःच बायोटिन असतं. ते दोन्ही नळ्यांत सापडेल, आणि सापडलं नाही तर मण्यांवर धरण्याची पायरीच चुकली आहे.